विंडोज मारण्याआधी

वसुबारसेच्या तीन दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या ऑपरेटिंग सिस्टीमनं दहा वर्षं गावोगावची कामं ओढली आहेत. यवतमाळ–दारव्हा रस्त्यावरच्या, अडाण नदीकाठच्या बोरी अरबसारख्या गावात संगणक ही चैनीची वस्तू उरलेली नाही. पीकविम्याचा अर्ज, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हे सगळं त्याच्यावरच होतं. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज अंगठा लावून ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही. ऐन मुदतीच्या दिवशी केंद्रातलं यंत्र बंद पडलं, तर माणसाची मजुरी बुडते आणि खेप वाया जाते.

म्हणून या संगणकावर कोणती सिस्टीम असावी, हा प्रश्न गावानं स्वतः समजून घेण्याजोगा आहे. शहरात सिस्टीमची निवड हा एक विषय असतो आणि दुरुस्ती हा दुसरा, कारण दुरुस्तीवाला पलीकडच्या गल्लीत असतो. गावात ते दोन्ही एकच. जी सिस्टीम बिघडल्यावर आपल्याला किंवा आपल्या जवळच्या माणसाला उभी करता येईल, तीच आपल्यासाठी योग्य.

तारीख संपते म्हणजे काय होतं

१४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० बंद पडत नाही. संगणक सुरू होतो, छपाई होते, इंटरनेट चालतं. फक्त नव्यानं सापडणाऱ्या सुरक्षेच्या भगदाडांवर ठिगळ मिळणं थांबतं. त्याची किंमत महाराष्ट्रानं एकदा पाहिली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका खासगी टर्मिनलचं संगणकीकृत कामकाज त्यानं ठप्प केलं. विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा त्यानं वापर केला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. ते न लावलेलं एखादं यंत्र त्याला आत शिरायला पुरेसं होतं. पुढे पासवर्ड चोरून तो शेजारच्या यंत्रांवरही पसरत असे. म्हणजे एका यंत्राचा आळस साऱ्या कार्यालयाला भोवतो. बँकेचे व्यवहार आणि लोकांचे आधार क्रमांक ज्या यंत्रावरून जातात, ते यंत्र अपडेटविना चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीशी खेळणं होय.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं नोंदणी करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला, तर ती पैसे न देताही मिळते. हे वर्ष विचार करण्यासाठी मिळालेलं आहे, ते विचारातच घालवावं.

विंडोज ११ मोफत मिळते, पण तिच्या अटी कडक आहेत. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. त्यामुळे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं बाहेर राहतात. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम चालवला, की आपलं यंत्र बसतं की नाही ते कळतं. अटी चुकवून विंडोज ११ घालून देणारेही भेटतात. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते. बनावट चावीनं चालवलेल्या विंडोजपासून तर चार हात दूर राहावं. अशी कुलूपं फोडणारे प्रोग्राम आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्यांच्यासोबत काय आत येतं हे कोणी तपासत नाही.

आधी काम, मग सिस्टीम

सिस्टीम निवडायला बसलात, तर आधी कागदावर कामांची यादी करा. त्या प्रत्येक कामाला कोणतं जोडयंत्र लागतं तेही पुढे लिहा.

सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या यादीत अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन असतो. अंगठ्याच्या यंत्रासोबत ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा प्रोग्राम संगणकात सतत चालू असावा लागतो. ती सेवा मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते. म्हणून अशा केंद्रानं विंडोजवरच राहावं आणि अटींत बसणारं यंत्र घेण्यासाठी पैसे बाजूला काढावेत. इथे हौसेनं प्रयोग करण्यात अर्थ नाही.

बारावीतल्या किंवा पदवीच्या विद्यार्थ्याची यादी वेगळी असते. नोट्स, प्रकल्प, व्हिडिओ, परीक्षेचे अर्ज, थोडं प्रोग्रामिंग. हे सगळं ब्राउझर आणि लिबरऑफिसवर होतं. त्याच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स उत्तम. शाळा, वाचनालय, अभ्यासिका यांचंही बहुतेक तसंच. ग्रामपंचायतीनं मात्र आपला स्वाक्षरीचा टोकन आणि लेखा प्रणाली कुठे चालते याची आधी खात्री करावी. डिझाइन किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्यानं आपलं सॉफ्टवेअर कोणत्या सिस्टीमवर चालतं ते पाहूनच ठरवावं.

कोणतीही सिस्टीम असो, जुन्या यंत्रावर खर्च करायचाच असेल, तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. पाच मिनिटांनी सुरू होणारा संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो. ‘विंडोज जड झाली’ या तक्रारीमागे बहुधा थकलेली डिस्कच असते.

लिनक्स आपल्याकडे कधीचंच आहे

लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, अशी अनेकांची समजूत असते. आपल्याकडे संगणकाची ओळख एमएस-सीआयटीनं घराघरात पोचवली आणि ती ओळख विंडोजच्याच खिडकीतून झाली, म्हणूनही असेल. पण बोरी अरबचा शेतकरी ई-पीक पाहणीची नोंद ज्या अँड्रॉइड फोनवर करतो, त्या फोनचा गाभा लिनक्सच आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात. पुण्याच्या सी-डॅकचे परम महासंगणकही लिनक्सवरच चालतात. याच संस्थेनं डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांसाठीची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आणली.

खेड्यातल्या शाळेत लिनक्स चालतं का, याचंही उत्तर महाराष्ट्रात मिळालेलं आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावाच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांत अवघी २५६ एमबी रॅम होती. त्यावर फेडोरा लिनक्सच्या पायावर उभी केलेली ‘शुगर’ नावाची मुलांसाठीची प्रणाली चालत होती. काम आपोआप जतन होई, वीज कमी लागे आणि पडदा उन्हातही वाचता येई. ही प्रणाली मूल आणि गाव डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली होती. तो प्रकल्प देशभर पसरला नाही. पण कमी ताकदीच्या यंत्रावर, एका शिक्षकाच्या भरवशावर, खेड्यातली मुलं संगणक हाताळतात हे खैराटनं दाखवून दिलं.

आज सुरुवात करणाऱ्याला मी लिनक्स मिंट सुचवेन. तिचा चेहरा विंडोजसारखाच आहे. २ जीबी रॅमवरही ती चालते, ४ जीबीवर सुखानं चालते. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि ती वापरून पाहण्यासाठी विंडोज पुसावी लागत नाही. फाइल उतरवून पेनड्राइव्ह बूटेबल करा, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहा, आणि पेनड्राइव्ह काढून घ्या. मूळ यंत्र होतं तसंच राहतं. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रम आहे. लिनक्स आणि लिबरऑफिसचे त्याचे धडे मराठी आवाजातही मोफत मिळतात.

मराठी नीट उमटते का

कोणतीही सिस्टीम पक्की करण्याआधी तिच्यावर ‘शेतकऱ्याच्या’ हा शब्द टंकून, छापून पाहा. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र तुटला, किंवा ल आणि श हिंदी वळणाचे आले, तर फाँट मराठीसाठी बनलेला नाही. लिनक्सवर हा प्रश्न सोडवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट खुल्या परवान्यानं दिले आणि तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ते पुढे वाढवले. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. लिनक्सवर आयबस या सोयीतून इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही बसवता येतात.

खरा धोका जुन्या फायलींचा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले ठराव, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका त्या फाँटविना नुसत्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. सिस्टीम बदलण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर कागद असूनही वाचता येणार नाहीत.

बिघाड शोधण्याचा क्रम

यंत्र अडलं की दुकानात पहिलं उत्तर मिळतं, ‘विंडोज मारावी लागेल’. फॉरमॅट मारल्यानं बिघाड बरेचदा जातो, पण त्याच्याबरोबर लेकराबाळांचे फोटो आणि वर्षभराच्या पावत्याही जातात. तो उपाय सगळ्यात शेवटचा. त्याआधी हा क्रम ठेवा.

पडद्यावर जो संदेश दिसतो, त्याचा मोबाइलनं फोटो काढा. निळ्या पडद्यावरचा कोड ही बिघाड शोधण्याची पहिली खूण असते. मग आठवा, काल काय बदललं? नवा प्रिंटर, नवा प्रोग्राम, रात्री आलेला अपडेट, की वीज अचानक गेली?

त्यानंतर वीज पाहा. वायर, यूपीएस, पॉवर बटण. भारनियमनाच्या भागात लिहिणं चालू असतानाच वीज गेली की डिस्कवरची नोंद अर्धवट राहते. पुन्हा सुरू करताना विंडोज डिस्क तपासायला लागली, तर तिला ते पुरं करू द्या, मधेच बटण दाबू नका.

तारीख पाहा. संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल आणि घड्याळ मागचं वर्ष दाखवत असेल, तर दोष इंटरनेटचा नाही. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला आहे. काही रुपयांत काम होतं.

जागा पाहा. सी ड्राइव्ह भरला की अपडेट अडतात आणि यंत्र हँग होऊ लागतं. डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करा.

उष्णता पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीकडे जातो, आणि कापसाच्या हंगामात उडणारी तूस पंख्यात जाऊन बसते. अर्ध्या तासानं आपोआप बंद होणारा संगणक अनेकदा फक्त साफसफाई मागत असतो. वीज पूर्ण काढून पंखा साफ करा, रॅम काढून पुन्हा नीट बसवा.

एवढ्यानं भागलं नाही, तर सेफ मोड. त्यात अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. तिथे यंत्र नीट चालत असेल, तर दोष नव्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा. तो काढा, अपडेट मागे घ्या किंवा सिस्टीम रिस्टोर वापरा. अंगठ्याचं यंत्र ओळखलं जात नसेल, तर दुसरी वायर, दुसरा यूएसबी पोर्ट आणि आरडी सर्व्हिस चालू आहे का, हे याच क्रमानं तपासा.

सेफ मोडचं मोल १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला कळलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय साधा होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण असंख्य यंत्रांपाशी जाऊन ते करायला जाणता माणूस हवा होता, आणि ठिकठिकाणी कामं अडली ती त्या माणसाच्या वाटेवर.

शेवटी फॉरमॅटच करायचं ठरलं, तर आधी लिनक्सच्या त्याच पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून फायली बाहेर काढा. विंडोज उठत नसली, तरी डिस्क धड असेल तर त्या बहुधा निघतात. मात्र नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असू शकते. तिची बिटलॉकर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. यंत्र धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून ठेवा.

गावात काय असावं

हे सगळं शिकायला अभियंता व्हावं लागत नाही. मोटारीचा पंप खोलून दुरुस्त करणारे, फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करणारे हात आपल्या गावात आहेतच. त्याच हातांना संगणकाची ओळख हवी आहे. वाचनालयात किंवा शाळेत दोन पेनड्राइव्ह असावेत, एक विंडोजचा आणि एक लिनक्सचा. शेजारी एक वही असावी. कोणतं यंत्र, कोणती सिस्टीम, काय बिघडलं, कशानं सुधारलं, याची त्यात नोंद व्हावी. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप व्हावा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवावी. दहावी-बारावीच्या चार मुलामुलींना हा क्रम शिकवला, तर पुढच्या वर्षी ती आणखी चौघांना शिकवतील.

१३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत हातात वेळ आहे. येत्या सुट्टीत घरातल्या संगणकाची रॅम, प्रोसेसर आणि टीपीएम तपासा, कामांची यादी करा, फायलींची प्रत काढा आणि एकदा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा. मग विंडोज ठेवा किंवा लिनक्स घ्या. तो निर्णय माहितीवर घेतलेला आणि तुमचा स्वतःचा असेल, आणि यंत्र अडलं तर ते उभं करणारा माणूसही गावातच असेल.