लंडन शहर पाहावें कसें?

परदेशचें एखादें मोठें शहर थोडक्या दिवसांत पाहावयाचें झाल्यास तें कसें पाहावें, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस आज दूरचा वाटेल. परंतु त्यांपैकीं कित्येकांस पुढेंमागें शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परदेशीं जाण्याचा योग येईल. म्हणून २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्हां उभयतांस लंडन येथें जो अनुभव आला, तो येथें सांगत आहों. आम्ही आमच्या पुतण्याच्या घरीं उतरलों होतों व शहर पाहण्यास हातीं चारच दिवस होते.

पहिल्या दिवशीं आम्हीं मोठीच चूक केली. आमच्या वहींत सत्तावीस स्थळांची यादी होती. भुयारी आगगाडीनें धांवत धांवत त्यांपैकीं नऊ स्थळें आम्हीं सायंकाळपर्यंत उरकलीं. रात्रीं पत्नीनें विचारलें, "अहो, वर्गांत गेल्यावर मुलांना काय सांगाल? सकाळीं पाहिला तो पूल कोणता आणि दुपारचा कोणता, तें तरी आठवतें का?" आम्हांस उत्तर देतां येईना. कित्येक वर्षें पैसा पैसा सांठवून केलेल्या प्रवासाचा चौथा हिस्सा असा व्यर्थ गेला, याचें फार वाईट वाटलें. तेव्हां तिनेंच तोड काढली: "दिवसाला एकच स्थळ घेऊं, पण जातांना आपल्या मुलखाचा एक प्रश्न बरोबर नेऊं." उरलेले तीन दिवस आम्ही याच नियमानें वागलों.

दुसऱ्या दिवसाचा प्रश्न आठव्या इयत्तेंतील एका मुलानें आम्ही निघण्यापूर्वींच दिला होता. १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत विलायतेहून आणलेलीं वाघनखें पाहावयास ठेविलीं होतीं. तीं पाहून त्यानें विचारलें होतें, "सर, हीं तिकडे गेलीं कशीं?" ज्या संग्रहालयानें तीं कांहीं काळापुरतीं धाडलीं, तें 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट' संग्रहालय १८५२ सालीं स्थापन झालें असून तेथील कायमचा संग्रह विनामूल्य पाहतां येतो. त्याच्या माहितीप्रमाणें हीं नखें जेम्स ग्रँट डफ याजपाशीं होतीं. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधि होता, व मराठ्यांचा इतिहास लिहिणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पुढें त्याच्या वंशजानें तीं संग्रहालयास दिलीं. प्रतापगडाच्या प्रसंगीं वापरलीं तीं हींच काय, याची मात्र खातरजमा करतां येत नाहीं, असें तें संग्रहालयच सांगतें. हें वाचून आम्ही क्षणभर खट्टू झालों. परंतु विचारांतीं वाटलें कीं, १६५९ सालच्या त्या पराक्रमाचें मोठेपण एका पोलादी हत्यारावर अवलंबून नाहीं. सिद्ध झालेली गोष्ट कोणती व परंपरेनें चालत आलेली कोणती, हें मुलांस वेगवेगळें करून सांगणें हेंच शिक्षकाचें काम. परत आल्यावर त्या मुलास आम्हीं तसेंच सांगितलें.

तिसऱ्या दिवशीं वेस्टमिन्स्टर ॲबी पाहिली. राजेरजवाड्यांच्या थडग्यांच्या या मंदिरांत, जमिनींतील एका शिळेखालीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांस पुरलें आहे. १८७३ च्या मे महिन्यांत आफ्रिकेच्या अंतर्भागांत ते वारले. त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनीं त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें, आणि देह सुकवून, सुमारे नऊ महिने वाटचाल करून तो समुद्रकांठीं आणला. या सोबत्यांत जेकब वेनराइट नांवाचा तरुण होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांसाठीं नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनचें एक आश्रयस्थान होतें. तेथें तो शिकला होता. त्या झाडावर लेख कोरणारा तोच, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या अंत्ययात्रेंत शवपेटीच्या मानकऱ्यांत चालणाराही तोच. पत्नी त्या शिळेपाशीं बराच वेळ उभी होती. "नाशिकच्या शाळेंत गिरविलेलीं अक्षरें कुठल्या कुठें उपयोगी पडलीं!" एवढेंच ती म्हणाली.

चवथ्या दिवशीं आम्ही लेडनहॉल रस्त्यास गेलों. "तिथें पाहण्यासारखें काय आहे?" असें पुतण्या म्हणाला, व तें एका अर्थीं खरें होतें. ईस्ट इंडिया कंपनीची तेथील कचेरी एकोणिसाव्या शतकांतच पाडली गेली. त्या जागीं आज लॉइड्स या विमासंस्थेची १९८६ सालीं पुरी झालेली इमारत आहे. १८३९ सालीं कंपनीनें साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस आले व दहा वर्षांहून अधिक काळ तेथें राहिले. १८४७ सालीं महाराज वारले, १८४८ सालीं राज्य खालसा झालें, तरीही ते लागलीच परतले नाहींत. दाद अखेरपर्यंत लागली नाहीं. नोव्हेंबरच्या थंडींत तासभर उभे राहून आम्ही गारठलों. त्या गृहस्थानें तेथें इतके हिवाळे कसे काढले असतील, हा विचार मनांतून जाईना.

सारांश, जाण्यापूर्वीं थोडें वाचावें, एक प्रश्न बरोबर न्यावा, आणि त्याच रात्रीं उत्तर वहींत लिहून ठेवावें. या नियमास परदेशच लागतो असें नाहीं. पालकांनीं मुलांस साताऱ्याच्या संग्रहालयांत न्यावें, पण घरून निघतांना "आज काय विचारणार?" असें त्यांस अवश्य विचारावें.

आमच्या यादींतील सोळा स्थळें पाहावयाचीं राहिलीं. लेडनहॉल रस्ता तर यादींत नव्हताच.