काडतुसाच्या पुंगळीवरील प्रायमर-क्रिंप : प्रयोजन, निष्कासन व मर्यादा

प्रस्तावना

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीची ओळख लगतच्या अंबाझरी आयुध निर्माणीशी निगडित आहे. साठच्या दशकात उभारलेली ही निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ च्या पुनर्रचनेनंतर ‘यंत्र इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आली असून कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. अंबाझरीचे काम मुख्यत्वे तोफगोळे व रॉकेट यांच्या धातुभागांचे आहे. रायफलची काडतुसे महाराष्ट्रात प्रामुख्याने खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (स्थापना १९६४) येथील निर्माण्यांत तयार होतात. लष्करी काडतुसाच्या बुडाशी, प्रायमरच्या भोवती, धातू दाबून केलेली एक बारीक कडा आढळते. तिलाच ‘क्रिंप’ म्हणतात. ती कशासाठी असते, कशी काढली जाते आणि ती काढण्यास कोणत्या मर्यादा आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्रिंपचे प्रयोजन

काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, प्रायमर, दारू व गोळी. पुंगळी साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. तिच्या बुडाशी असलेल्या खोबणीत प्रायमर बसविलेला असतो. घोड्याची पिन आदळताच प्रायमर पेटतो व त्याची ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. ५.५६ व ७.६२ मिलिमीटर काडतुसांत या वेळी निर्माण होणारा दाब ४०० मेगापास्कलच्या आसपास वा त्याहून अधिक असतो. स्वयंचलित शस्त्रात प्रायमर सैल होऊन बाहेर पडला, तर तो यंत्रणेत अडकून ऐन प्रसंगी शस्त्र बंद पडू शकते. म्हणून निर्मितीच्या वेळीच खोबणीच्या कडेची पितळ प्रायमरवर दाबली जाते. काही काडतुसांत हा दाब पूर्ण वर्तुळाकार, तर काहींत तीन वा चार ठिकाणी असतो. थोडक्यात, लष्करी पुंगळी एकदाच वापरावयाची, हे गृहीत धरूनच क्रिंपची योजना झालेली असते.

निष्कासनाच्या पद्धती

अमेरिकेत लष्करी निर्माण्यांतील वापरलेल्या पुंगळ्या नेमबाजांच्या हाती येतात व त्या पुन्हा भरल्या जातात. जुना प्रायमर काढल्यानंतरही क्रिंपची कडा खोबणीच्या तोंडाशी शिल्लक राहते. तशा स्थितीत नवा प्रायमर बसविल्यास तो तिरपा होतो, चेपतो किंवा वर राहतो. वर राहिलेला प्रायमर बोल्टच्या आघाताने अवेळी पेटण्याचा धोका असतो. म्हणून कडा काढणे अपरिहार्य ठरते.

त्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत रीमरसारख्या कर्तक हत्याराने कडेची पितळ कापून काढतात. हे हत्यार स्वस्त व सुटसुटीत असते. परंतु हात थोडा जड पडला तरी खोबण रुंदावते. दुसऱ्या पद्धतीत पुंगळीला आतून आधार देऊन कठीण पोलादाची गोलाकार दांडी खोबणीत दाबतात व कडेची पितळ मागे सारतात. येथे धातू कापला जात नाही. मात्र पुंगळीच्या बुडाची जाडी उत्पादकागणिक भिन्न असल्याने दाबाची जुळणी प्रत्येक वेळी करावी लागते.

दोन्ही पद्धतींत मापाची अचूकता निर्णायक असते. रायफलच्या लहान प्रायमरचा व्यास सुमारे ४.४५ मिलिमीटर व मोठ्याचा सुमारे ५.३३ मिलिमीटर असतो. खोबण किंचितही सैल झाल्यास प्रायमरभोवतून तप्त वायू मागे सुटतो व बोल्टच्या दर्शनी भागास इजा होते. म्हणून ‘जाते–जात नाही’ प्रकारच्या मापकाने खोबण तपासतात व सैल पुंगळी बाद करतात. प्रायमर बुडाच्या पातळीहून किंचित खाली बसणे हे योग्य कामाचे लक्षण होय. क्रिंप एका पुंगळीतून एकदाच काढावी लागते. खोबणीतील काजळीत शिशाचे अंश असल्याने ती कोरडी झटकणे आरोग्यास अपायकारक ठरते.

कायदेशीर व न्यायवैद्यक बाजू

भारतातील स्थिती याहून वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे भाग व ते बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो. तर कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळ्याची निर्मिती निषिद्ध आहे. त्यामुळे लष्कर व पोलीस यांच्या सरावानंतर पुंगळ्या मोजून जमा केल्या जातात.

तपासाच्या दृष्टीनेही क्रिंपला महत्त्व आहे. पुंगळीच्या बुडावर निर्माणीचे चिन्ह असते. खडकीच्या काडतुसांवर ‘केएफ’ ही रोमन आद्याक्षरे आढळतात. प्रायमरवर घोड्याच्या पिनेची खूण उमटते व तिच्यावरून शस्त्राचा माग काढता येतो. लष्करी पुंगळीची क्रिंप कापलेली वा दाबलेली आढळल्यास ती पुन्हा भरली गेल्याचा संशय बळावतो. कारण मूळ प्रायमर तसाच ठेवून हे काम होऊच शकत नाही.

समारोप

क्रिंप हा पुंगळीतील दोष नसून सैनिकाच्या सुरक्षिततेसाठी केलेली योजना होय. ती काढणे म्हणजे त्या सुरक्षिततेची जबाबदारी निर्माणीकडून स्वतःकडे घेणे. ती पेलण्यास अचूक मापन व कायद्याची अनुमती या दोन्हींची गरज असते. यांपैकी एकीचाही अभाव असेल, तर पुंगळी जमा करून वितळविणे हाच उचित मार्ग ठरतो.