ग्राउंडच्या पुढची तयारी
लेखमाला: खाकीची वाट – भाग ५

पोलीस भरतीचे ग्राउंड एका सकाळी आटोपते, प्रशिक्षण मात्र महिनोन्‌महिने चालते. बहुतेक उमेदवार सराव करतात तो ग्राउंडचा. यादीत नाव लागले की पळणे थांबते, सत्कार आणि पाहुणचार सुरू होतात, कागदपत्रांची पडताळणी व वैद्यकीय तपासणी यांत आठवडे जातात. रुजू व्हायचा दिवस येतो तेव्हा कमावलेला दम बराचसा ओसरलेला असतो. सराव पूर्ण बंद केल्यास दोन ते चार आठवड्यांतच सहनशक्ती मोजता येईल इतकी घटते. म्हणून वेळापत्रक आखताना शेवटची तारीख अकादमीत हजर होण्याची धरावी आणि ग्राउंड हा त्या वाटेवरचा एक टप्पा मानावा.

कोणते दार, कोणती चाचणी

भिलाईतील स्मृती नगर ही जुनवानी आणि सुपेला यांच्या शेजारची निवासी वसाहत. इथल्या उमेदवाराला खाकीकडे नेणाऱ्या संस्था फार दूर नाहीत. छत्तीसगड सशस्त्र दलाची पहिली वाहिनी भिलाईतच आहे. शहराजवळ उतईला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे, भरती प्रशिक्षण केंद्र आहे. पश्चिमेला राजनांदगावला पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे. पूर्वेला रायपूरजवळ माना येथे दुसरे विद्यालय आणि चंदखुरी येथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाची राज्य पोलीस अकादमी आहे. राजनांदगाव ओलांडले की गोंदिया जिल्हा लागतो. त्यामुळे भिलाईच्या मराठी कुटुंबांत एक भावंड छत्तीसगडच्या भरतीची तयारी करत आहे आणि मामे-चुलत भावंडे महाराष्ट्राच्या, असे सहज घडते.

या चाचण्या सारख्या नाहीत. छत्तीसगडच्या शिपाई भरतीत १०० मीटर आणि ८०० मीटर धावणे, लांब उडी, उंच उडी व गोळाफेक अशा पाच बाबी असतात. महाराष्ट्रात २०२२ च्या नियमबदलानंतर शिपाई पदासाठी ५० गुणांची चाचणी होते. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक अशी तिची रचना आहे. तिथे १६०० मीटरचे पूर्ण गुण ५ मिनिटे १० सेकंदांत मिळतात, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत मारावी लागते. सीआयएसएफसह केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, तर महिलांना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत पूर्ण करावे लागतात.

यातून तयारीचे एक सूत्र निघते. १०० मीटरची धाव स्नायूंत साठवलेल्या ऊर्जेवर होते आणि तिच्यात प्राणवायूचा वाटा अल्प असतो. ८०० मीटरमध्ये हा वाटा निम्म्याच्या वर जातो आणि १६०० मीटरमध्ये तो सुमारे चार पंचमांश होतो. म्हणजे ८०० आणि १६०० मीटरची तयारीसुद्धा मुळात दमाची तयारी आहे. रोज जीव तोडून आठशे मारणारा उमेदवार एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही, कारण त्याखालचा पाया त्याने बांधलेलाच नसतो. अकादमीलाही नेमका हाच पाया हवा असतो.

अकादमी काय मागते

प्रशिक्षणार्थीचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. हजेरी, पीटी, मग परेड, दिवसभर कायद्याचे वर्ग आणि संध्याकाळी पुन्हा खेळ किंवा कवायत असा क्रम असतो. पुढे अडथळ्यांची शर्यत, निःशस्त्र प्रतिकार, गोळीबाराचा सराव आणि पाठीवर ओझे घेऊन केलेला रूट मार्च येतो. यातली एकेक गोष्ट सुदृढ तरुणाला जड नाही. जड जाते ती त्यांची रोजची बेरीज. सिमेंटच्या मैदानावर टाच आपटत केलेली परेड, कडक बूट, सावधान स्थितीत बराच वेळ उभे राहणे आणि कमी झोप या चारही गोष्टी एकाच आठवड्यात अंगावर येतात.

त्यामुळे ग्राउंडच्या सरावात न दिसणाऱ्या तीन क्षमता आधीच कमवाव्या लागतात. पहिली, सलग अर्धा-पाऊण तास न थांबता पळण्याची. दुसरी, कंबर, पोट, खांदे आणि पोटऱ्या यांची ताकद. तिसरी, आज श्रम केल्यावर उद्या पुन्हा तेच करण्याची, म्हणजे भरपाईची.

सुरुवात तपासणीने

सराव सुरू करण्याआधी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि हृदयाची साधी तपासणी करून घ्यावी. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, किंवा पळताना छातीत दुखत असेल वा भोवळ येत असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे आणि ईसीजी काढावा.

छत्तीसगड आणि विदर्भात आणखी एक तपासणी महत्त्वाची आहे, ती सिकलसेलची. या पट्ट्यात आदिवासींबरोबर इतर अनेक समाजांतही हा आनुवंशिक दोष आढळतो. दोन्ही पालकांकडून तो आला तर आजार होतो. एकाकडून आला तर व्यक्ती केवळ वाहक असते, आणि बहुतेक वाहकांना आयुष्यभर काही जाणवत नाही. मात्र टोकाचे श्रम, उष्णता आणि शरीरातील पाण्याची कमतरता एकत्र आली की वाहकालाही धोका संभवतो. १९७७ ते १९८१ या काळात अमेरिकी सैन्याच्या प्राथमिक प्रशिक्षणात दाखल झालेल्या कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अचानक, कारण न उमगलेल्या मृत्यूचे प्रमाण वाहकांमध्ये सुमारे २८ पट आढळले. पुढे त्या सैन्याने सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने श्रम वाढवण्याचे नियम केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४८ हजार जवानांच्या अभ्यासात वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या वेगळे दिसले नाही. स्नायू झिजून मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या विकाराचा धोका मात्र त्यांच्यात अधिकच राहिला. यातून निघणारा अर्थ दिलासा देणारा आहे. वाहक असणे म्हणजे वर्दीचे स्वप्न सोडणे नव्हे. सराव हळूहळू वाढवणे आणि उन्हात ईर्ष्येने न पळणे एवढे त्याने कसोशीने पाळायचे असते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून केली जाते.

हाडांना लागणारा वेळ

सराव केल्यावर दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायू त्यामागून बळकट होतात आणि हाडे सर्वांत शेवटी. नवा भार आला की शरीर आधी जुने हाड झिजवते आणि मग त्या जागी नवे बांधते. झिजवण्याला साधारण तीन आठवडे लागतात, बांधण्याला तीन महिने. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा किंचित कमकुवत असते, आणि नेमका त्याच वेळी उमेदवाराला दम वाढल्याचा भास होऊन तो अंतर दुप्पट करतो. नडगीचे दुखणे आणि हाडाला जाणारे केसासारखे तडे इथे जन्म घेतात. तळपायाच्या हाडांतील या दुखापतीचे पहिले वर्णन प्रशियाच्या सैन्यातील ब्राइथाउप्ट या डॉक्टराने १८५५ मध्ये केले. ती लांब चाली करणाऱ्या सैनिकांत दिसली, म्हणून तिला आजही ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात.

प्रशिक्षणाचे पहिले दोन महिने या दुखापतींचे असतात. ज्याची हाडे आधीच भाराला सरावलेली असतात, त्याचा हा काळ निभावतो. म्हणून रुजू होण्यापूर्वी किमान चार महिने, म्हणजे सोळा आठवडे, हाताशी हवेत.

सोळा आठवड्यांचा आराखडा

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस, दर वेळी अर्धा तास. दोन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे असे सुरू करून पळण्याचा वाटा वाढवत न्यावा. वेग इतकाच असावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. दोन दिवस ताकदीचे ठेवावेत. बैठका, दंड, प्लँक, एका पायावर टाच उचलणे आणि बारला लोंबकळणे एवढे त्यासाठी पुरे आहे. दंड जमत नसतील तर कट्ट्यावर हात टेकवून सुरुवात करावी.

पाचवा ते आठवा आठवडा: सलग ३ किलोमीटरपासून ५ किलोमीटरपर्यंत. आठवड्यातला एक दिवस वेगाचा असावा, त्यात ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या माराव्यात आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे चालावे. उडी आणि गोळाफेक यांचे तंत्र याच टप्प्यात, शरीर ताजे असताना शिकावे. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा असतो. तो केवळ दंडाच्या जोरावर जात नाही, त्याला पाय आणि कमरेची फिरकी लागते.

नववा ते बारावा आठवडा: दर पंधरा दिवसांनी ज्या भरतीचे लक्ष्य असेल त्या अंतराची वेळ लावावी. बूट घालून चालणे आता सुरू करावे, प्रथम वीस मिनिटे आणि नंतर तासभर. बूट आणि पाय एकमेकांना सरावले नाहीत तर पहिल्याच आठवड्यात फोड येतात आणि लंगडत चालल्याने गुडघा बिघडतो.

तेरावा ते सोळावा आठवडा: आठवड्यातून एकदा ६ किलोमीटर संथ धाव आणि एकदा पाठीवर ५ किलोचे ओझे घेऊन तासाभराची चाल. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मे करावे, म्हणजे अकादमीत ताज्या पायांनी पोहोचता येते.

प्रत्येक चौथा आठवडा हलका ठेवावा. पळण्यासाठी शक्यतो मातीचे मैदान निवडावे. वसाहतीतील अंतर्गत रस्ते चालतील, पण अवजड वाहनांचा जीई रोड या कामासाठी योग्य नाही. तिथे अपघाताचा धोका आहे आणि धूरही छातीत जातो. भिलाईची जमीन सपाट असल्याने चढाचा सराव जिन्याच्या पायऱ्यांवर करता येतो.

उन्हाचा हिशेब

एप्रिल ते जून दुर्ग-भिलाईचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे उरकावा, आणि ग्राउंड दिवसा उशिरा होण्याची शक्यता असेल तर आधीचे दोन आठवडे थोड्या उन्हात हलका सराव करावा.

या बाबतीत चुकीची किंमत किती मोठी असते, ते दोन भरत्यांनी दाखवले आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या झारखंडात उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत पुरुषांना एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. तिथे दहाहून अधिक तरुण दगावले. दम वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या उत्तेजक गोळ्या आणि इंजेक्शने उष्णतेचा धोका कैक पटींनी वाढवतात. वेदनाशामक गोळी खाऊन पाण्याविना पळणे मूत्रपिंडाला घातक ठरते. या दोन्हींना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

ताट आणि झोप

रोज सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलो वजनाला ७२ ते ९६ ग्रॅम. यासाठी महागड्या पावडरींची गरज नाही. शंभर ग्रॅम कोरड्या चण्यांत किंवा डाळीत वीस ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ ग्रॅम आणि शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या घरात प्रथिने असतात. भात टाळू नये, कारण पळण्याचे इंधन तेच आहे. छत्तीसगडी घरांतली बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, मीठ आणि कांद्यासह खाल्ली तर उन्हाळी सरावानंतर पाणी, मीठ आणि पिष्ट एकत्र देते.

मुलींनी लोहाकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही पळून दम वाढत नाही. पालेभाज्या, चणे आणि गूळ यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, जेवणाला लागून चहा घेऊ नये आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. पाळी अनियमित झाली तर आहार सरावाला कमी पडतो आहे असे समजून सल्ला घ्यावा, कारण हाडांना तडे जाण्याचा धोका अशा वेळी वाढतो.

झोप सात ते आठ तासांची हवी. अकादमीत पहाटे उठावे लागणार असल्याने शेवटच्या महिन्यात झोपण्याची आणि उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणावी.

कुठे थांबायचे, तयारी कशी ओळखायची

बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच बिंदूवर दुखत असेल, विश्रांतीतही दुखत असेल, लघवीचा रंग काळसर तपकिरी झाला असेल, किंवा उन्हात पळताना घेरी, उलटी, असंबद्ध बोलणे असे काही झाले, तर सराव त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठावा. उष्माघाताची शंका आली तर वाट न पाहता अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

तयारी पुरेशी झाली आहे याच्या खुणा सोप्या आहेत. पाच किलोमीटर न थांबता पळता येतात आणि पळताना बोलता येते. योग्य पद्धतीने सलग पंचवीस दंड निघतात. मुलींनी बारा-पंधराचे लक्ष्य ठेवावे. बूट घालून तासभर चालल्यावर पायाला फोड येत नाही. आणि हे सगळे केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी न लंगडता पुन्हा मैदानावर जाता येते. यातली शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची, कारण अकादमीत प्रत्येक सकाळी तीच लागते.

*पुढील भागात: परेडचे पहिले तीस दिवस*