वजन बदलताना लांबी सरकते

विज्ञान प्रदर्शनात लंबक असतोच. आजरा घ्या, गडहिंग्लज घ्या, एका टेबलावर स्टँड, दोरा, खाली लोंबणारं काहीतरी आणि मागच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेला निष्कर्ष. तो दोनपैकी एक असतो. 'गोळा जड असेल तर लंबक हळू झुलतो', नाहीतर 'दोलनकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो'. पहिला चूक, दुसरा बरोबर. तरी मला काळजी वाटते ती दुसऱ्याचीच. पहिला लिहिणाऱ्या पोरांनी निदान मोजलेलं तरी असतं. दुसऱ्या पुठ्ठ्यावरचे आकडे बऱ्याचदा उत्तरापासून मागे चालत आलेले असतात; ते इतके गुळगुळीत असतात की बघताक्षणी कळतं.

तेव्हा आधी पहिला पुठ्ठा. जड गोळा हळू झुलतो, हे पालक सांगतात, मुलं सांगतात, आणि खासगीत काही शिक्षकही सांगतात, 'पुस्तकात काहीही असू दे, आमच्याकडे फरक पडतो.' फरक पडतो हे खरं आहे. वजनामुळे पडतो हे खोटं आहे.

पोरं काय करतात ते जरा जवळून बघा. दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट बांधतात, वीस झोके मोजतात. मग वजन वाढवायचं म्हणून त्या नटाखाली दुसरा अडकवतात, त्याखाली तिसरा. पुन्हा वीस झोके. वेळ वाढलेली दिसते. परत मोजलं तरी वाढलेलीच दिसते. लबाडी कुणी केलेली नाही, मोबाइलचं स्टॉपवॉचही ठीक आहे.

लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. ती टांगलेल्या बिंदूपासून खालच्या ओझ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची असते. दोरा 30 सेंटिमीटरचा आणि नट 2 सेंटिमीटर उंचीचा असेल, तर एक नट असताना लांबी 31. तीन नट एकाखाली एक लोंबू लागले की मध्य येतो मधल्या नटावर आणि लांबी होते 33. दोलनकालाच्या सूत्रात घालून बघा, वीस दोलनांना आधी साधारण 22.4 सेकंद लागतील, नंतर 23.1. वजन तिप्पट झालं ते सगळ्यांना दिसलं, लांबी दोन सेंटिमीटरनं सरकली ती कुणालाच दिसली नाही, आणि आरोप गेला वजनावर. तेच तीन नट एका हुकात शेजारी शेजारी अडकवा. फरक नाहीसा होतो.

चल म्हणजे काय, नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला क्षण वर्षभरात मिळणार नाही. आणि नेमक्या याच क्षणी बाई किंवा सर म्हणतात, 'तुमचं मोजताना चुकलं, पुस्तकातलं लिहा.' अरे, मोजताना चुकलेलं नाही! मोजणी बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. हा फरक मुलांना सांगायचाच नसेल तर स्टँड कपाटात ठेवलेला बरा.

वजनाचा परिणाम का होत नाही, हे एका वाक्यात सांगता येतं. पृथ्वी जड गोळ्याला जास्त जोरानं ओढते, पण जड गोळा हलायलाही तितक्याच पटीनं जास्त आढेवेढे घेतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी न्यूटनकडे जावं. 'प्रिन्सिपिया'च्या (1687) तिसऱ्या भागात त्यानं नेमका लंबकाचाच प्रयोग दिला आहे. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू, असे नऊ पदार्थ. एकसारख्या दोन लाकडी डब्या अकरा फूट दोऱ्यांना टांगल्या. एकीत लाकूड भरलं, दुसरीत तेवढ्याच वजनाचा दुसरा पदार्थ, तोही डबीच्या नेमक्या जागी. दोन्ही डब्या बराच वेळ जोडीनं झुलत राहिल्या. हजारात एका भागाचा फरक असता तरी दिसला असता, असं तो सांगतो. त्याला पदार्थ बदलून बघायचा होता, म्हणून वजन, आकार आणि लांबी त्यानं मुद्दाम बांधून ठेवली. डब्या एकसारख्या घेतल्या त्या हवेचा अडथळा दोघींना सारखाच व्हावा म्हणून. नियंत्रित प्रयोग तो हाच.

आजऱ्यात गव्हाऐवजी घनसाळ तांदूळ भरा, काही बिघडत नाही. मेडिकलच्या दुकानात गोळ्यांच्या एकसारख्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात. एकीत घनसाळ तांदूळ, दुसरीत हिरण्यकेशी नदीची वाळू, तिसरीत सायकलचे छर्रे. मात्र डब्या काठोकाठ भरायच्या. अर्धवट भरलेल्या डबीत मध्य खाली बसतो आणि लांबी पुन्हा चोरपावलांनी बदलते. घनसाळाचे भाव बघता प्रयोगानंतर तांदूळ परत घरी न्यायला हरकत नाही.

मोजणीतही एक खोड आहे. गोळा सोडताक्षणी मुलं 'एक' म्हणतात. तिथे 'शून्य' म्हणायला हवं, नाहीतर 'वीस' म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं झालेली असतात आणि पाच टक्क्यांची चूक होते. म्हणजे नटांनी केलेल्या घोटाळ्याहून मोठी. शिवाय एकच झोका मोजून उपयोग नाही, कारण बटण दाबताना बोटच सेकंदाचा पाचवा हिस्सा इकडेतिकडे करतं.

बाकीचे गैरसमज भराभर उरकू. हलकी डबी लवकर थांबते म्हणून तिचा दोलनकाल वेगळा, असं म्हणतात; हवेमुळे तिचा झोका लवकर आखडतो हे खरं, पण एका झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. लांबी दुप्पट केली की वेळ दुप्पट? नाही, 25 सेंटिमीटरला एक सेकंद लागतो, दोन सेकंद हवे असतील तर 100 सेंटिमीटर लागतात. कितीही ओढून सोडला तरी वेळ तीच, असं खुद्द गॅलिलिओही मानत होता. प्रत्यक्षात 10 अंशांना वेळ 0.2 टक्के वाढते, 30 अंशांना 1.7, आणि 60 अंशांना सात टक्क्यांच्या वर. पिसाच्या कॅथेड्रलमधला हलणारा दिवा बघून गॅलिलिओला 1583 मध्ये 'वेळ तीच राहते' हे सुचलं, ही गोष्ट त्याचा शिष्य विवियानी सांगतो. तिथे आज दाखवतात तो दिवा 1587 सालचा आहे. आणि नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहिलं की झोका लवकर येतो-जातो तो 'जोर जास्त लागतो' म्हणून नव्हे. उभं राहिल्यावर शरीराचा मध्य वर जातो, म्हणजे लंबक आखूड होतो.

'लहान मुलांना हे झेपत नाही' हा मात्र ओळीत संपणारा गैरसमज नाही, कारण त्याला मोठ्या नावाचा आधार आहे. इनहेल्डर आणि पियाजे यांनी 1955 च्या पुस्तकात मुलांना हाच लंबक दिला होता. एकेक चल वेगळं काढून तपासणं मुलांना साधारण अकराव्या-बाराव्या वर्षानंतरच जमू लागतं, असा त्यांचा निष्कर्ष. तो प्रमाण मानून आपण पाचवीच्या खाली प्रयोगच नेत नाही. पण चेन आणि क्लार यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या दुसरी ते चौथीच्या मुलांना स्प्रिंग आणि उतार यांच्यावर हीच युक्ती उघड करून शिकवली, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना ती जमली. आपोआप सुचणं वेगळं आणि शिकवल्यावर कळणं वेगळं. दुसरीचं पोरसुद्धा गोट्या खेळताना 'तू पुढून मारलीस, हे चालणार नाही' असं भांडतंच की.

शेवटचा गैरसमज शिक्षकांचा, आणि तोही सुशिक्षित: 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेच शास्त्र.' शिकवायला हे ठीक आहे, पण शास्त्र तिथे थांबत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर सांगितली जाते त्या चारसूत्री भातशेतीत चार गोष्टी एकदम बदलतात: पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. उत्पन्न वाढलं तर श्रेय कुणाचं? एकेक सूत्र सुटं तपासलं तर दोन सूत्रं मिळून जे घडतं ते निसटतं. म्हणून रोनाल्ड फिशरनं 1926 मध्ये सुचवलं की सगळ्या जोड्या लावून एकत्रच तपासा. चार सूत्रं, प्रत्येक 'आहे' किंवा 'नाही', म्हणजे सोळा प्रकारचे वाफे. भारतीय शेतीत ही पद्धत रुजवणाऱ्यांत पानसे आणि सुखात्मे ही दोन मराठी नावं आहेत. त्यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 मध्ये आलं.

वर्गात हे करायला सोळा वाफे नकोत. वजन, लांबी आणि कोन, प्रत्येकाच्या दोन किमती घेतल्या की आठ जोड्या होतात. वर्गाचे आठ गट करा, प्रत्येकाला एक जोडी द्या, आकडे फळ्यावर मांडा. मग हलक्या डब्यांचे चार आकडे एकीकडे आणि जड डब्यांचे चार दुसरीकडे ठेवून सरासरी काढायला मुलांना सांगा, तसंच लांबीचं आणि कोनाचं. दोलनकालाचं सूत्र फळ्यावर लिहायचं ते त्यानंतर.