उभ्या उभ्या धावणारा शब्द

सहावीतल्या नातवाने परवा इंग्रजीच्या वहीतून डोके वर काढून विचारले, "आजोबा, 'रन' म्हणजे धावणे ना? मग सर्दी झाली की इंग्रजांचे नाक कुठे धावते?"

प्रश्न रास्त होता. नाकच कशाला, या मंडळींचे दुकान, नळ, घड्याळ, साडीचा कच्चा रंग, सगळेच 'रन' होते. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत. पूर्वी हा मान 'सेट'कडे होता. १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते.

आपल्याकडे हीच कामे सावकाश होतात. आपले नाक वाहते, साडीचा रंग जातो, दुकान चालते आणि घर तर आईच चालवते. निवडणुकीत अमेरिकन माणूस 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो; आपला उमेदवारही उभाच राहतो. क्रिकेटमध्ये मात्र आपण 'रन'ची सरळ 'धाव' केली. चौकार गेला की फलंदाज जागचे हलले नाहीत तरी चार धावा!

न हलता धावण्याचा आणखी एक अर्थ मला बँकेने शिकवला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. शेजारच्या गावातली एक पतसंस्था बुडाल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच आमच्या दाराशी रांग लागली. आमच्या बँकेला काहीच झाले नव्हते. पण 'यांचेही काही खरे नाही' एवढे वाक्य एसटी स्टँडवरून बाजारात पोचले होते. इंग्रजीत याला 'रन ऑन द बँक' म्हणतात. धावत मात्र कोणीच नव्हते. सगळे पासबुक छातीशी धरून मुकाट उभे होते.

ठेवीदाराचा पैसा तिजोरीत पडून नसतो. तो कोणाच्या विहिरीत, कोणाच्या टेम्पोत गुंतलेला असतो. सगळे एकाच दिवशी मागायला आले तर चांगली बँकही कोलमडते. ठेवींना विमा तेव्हाही होता, १९९३ पासून एक लाखापर्यंत. २०२० पासून तो पाच लाखांपर्यंत आहे. पण नियम वाचून दाखवल्याने रांग हटत नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांनी जादा रोकड मागवली, गड्ड्या सर्वांना दिसतील अशा रचल्या आणि वेळ संपल्यावरही काउंटर उघडा ठेवला.

दुपारी भाजी विकणाऱ्या एका मावशींना मी त्यांचे अकरा हजार मोजून दिले. मुलीच्या लग्नाचे. पदराला गाठ मारून त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "सायेब, घरच्या पेटीला कुलूप न्हाई. ठिवू का इथंच?"

बँक भक्कम होती हे मला ठाऊक होते. पण रांग आणखी दोन दिवस राहिली असती तर? त्याची खात्री मला नव्हती. "मावशी, माझाही पगार इथंच जमा होतो," एवढेच मी म्हणालो. त्यांनी गाठ सोडली. मागचे दोघे-तिघे रांगेतून बाहेर पडले. रात्री मला झोप लागली नाही.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या. बहुतेकांनी बसल्या जागेवरून पैसे मागितले होते. वाटेत परत फिरायला दार नव्हते आणि विचारायला समोर माणूसही नव्हता.

नातवाने वहीत 'रन: धावणे' असे लिहिले होते. मी म्हटले, "बरोबर आहे. पण पुढे दोन-चार ओळी मोकळ्या सोड."