टॅब चालू होत नाही तेव्हा

टॅबचे बटण दाबल्यापासून पडद्यावर ॲपची चित्रे दिसेपर्यंत अर्धे-एक मिनिट जाते. तेवढ्या वेळात आत ठरलेल्या क्रमाने बरेच काही घडते. वीजपुरवठा सांभाळणारी चिप आधी बॅटरीत पुरेसा विद्युतदाब आहे का ते पाहते. तो असला तर प्रोसेसरमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि बूटलोडरला उठवतो. बूटलोडर अँड्रॉइडचा गाभा अस्सल आहे की कोणी त्यात ढवळाढवळ केली आहे हे तपासून तो मेमरीत आणतो. त्यानंतर अँड्रॉइड आपल्या सेवा एकामागून एक सुरू करते. टॅब या क्रमात नेमका कुठे अडला ते बहुतेक वेळा पडद्यावरूनच कळते. पडदा पूर्ण काळा असेल तर संशय विजेवर घ्यावा. कंपनीचे नाव येऊन तिथेच थिजला असेल किंवा नाव येऊन पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल, तर वीज पोचते आहे आणि बिघाड सॉफ्टवेअरमध्ये किंवा साठवणुकीच्या चिपमध्ये आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नागपूरच्या महाज्योती संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी दिलेले टॅब इथल्या विद्यार्थ्यांकडे आहेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या गस्तीच्या नोंदी वनरक्षक ‘एम-स्ट्राइप्स’ या ॲपवर करतात. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत जंगलातल्या खुणांच्या नोंदींसाठी हेच ॲप वापरले गेले. जंगलात नेटवर्क नसते, म्हणून अशा नोंदी आधी उपकरणातच साठतात आणि रेंजमध्ये आल्यावर वर पाठवल्या जातात. गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावांत ही मधली मुदत काही दिवसांची असू शकते. तोवर त्या नोंदींची प्रत जगात दुसरीकडे कुठेच नसते. त्यामुळे बंद पडलेल्या टॅबबाबत पहिला प्रश्न ‘तो कसा सुरू करायचा’ हा नाही. ‘आत असे काय आहे जे अजून बाहेर पोचलेले नाही’ हा आहे. बाजारात ‘फॉरमॅट मारून देतो’ हा उपाय सर्वांत आधी सुचवला जातो. त्याने सगळे पुसले जाते, म्हणून त्याची जागा सर्वांत शेवटी हवी.

पडदा काळा असेल तर टॅब आधी भिंतीवरच्या सॉकेटला लावावा. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी जोडणीतून साधारण अर्धा अँपिअर प्रवाह मिळतो आणि सौरदिव्याच्या जोडणीतून कित्येकदा त्याहूनही कमी. टॅबची बॅटरी 5000 ते 7000 मिलिअँपिअर-तासांची असते. अर्ध्या अँपिअरने ती भरायला साधारण 10 ते 14 तास लागतात, आणि पडदा चालू राहिला तर ती भरतच नाही. टॅबला निदान 5 व्होल्ट आणि 2 अँपिअरचा चार्जर लागतो. त्यापेक्षाही केबलवर संशय घ्यावा, कारण चार्जर जळण्यापेक्षा केबलची तार तोंडाशी तुटण्याचे प्रकार कितीतरी जास्त. दुसऱ्याच्या टॅबवर चालणारी केबल आणि चार्जर लावून पाहिले की निम्मी शंका मिटते. चार्जिंगच्या खाचेत लाल माती आणि कापसाचे तंतू दाबून बसतात. टॅब बंद ठेवून ते लाकडी दातकोरण्याने हलकेच काढावेत, टाचणीने नव्हे. टाचणी आतल्या दोन पत्र्यांना जोडते आणि नवाच बिघाड होतो.

बॅटरी पार उतरली असेल तर चार्जर लावल्यावरही पडदा बराच वेळ काळाच राहतो आणि लोक इथे घाई करतात. लिथियमच्या पेशीचा दाब सुमारे 3 व्होल्टच्या खाली गेला, की चार्जिंग सर्किट तिला पूर्ण प्रवाह देत नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्याला आधी पेज पाजावी, तसा नेहमीच्या दहाव्या भागाइतका प्रवाह ते सुरुवातीला देते. एवढ्या प्रवाहात पडदा उजळत नाही. अर्धा तास, आणि टॅब महिनोन्‌महिने पडून असेल तर दोन-तीन तास, त्याला हात न लावता चार्जिंगवर राहू द्यावे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवरच्या लांब सुट्टीत कपाटात ठेवलेले टॅब बाहेर काढल्यावर ‘मेलेले’ वाटतात, त्यांतले बरेच नुसते उपाशी असतात. साठवताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवून टॅब पूर्ण बंद केला, तर हा प्रसंग बहुधा येत नाही.

उन्हाचा दुसरा त्रास अधिक फसवा आहे. लिथियम पेशी साधारण 45 अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असा बॅटरी बनवणाऱ्यांचा दंडक आहे. टॅबमधला तापमापक ती मर्यादा पाळतो आणि त्यापुढे प्रवाह कमी करतो किंवा तोडतो. मे महिन्यात चंद्रपुरात सावलीतले तापमानच 45 च्या पुढे जाते, मग बंद गाडीच्या डॅशबोर्डवरच्या किंवा मोटारसायकलच्या डिकीतल्या टॅबची काय कथा. अशा टॅबला चार्जर लावला तरी तो ढिम्म राहतो, किंवा सुरू होऊन दोन मिनिटांत स्वतःच बंद पडतो. त्यात बिघाड काहीच नसतो, उपकरण स्वतःला वाचवत असते. तेंदूपत्त्याच्या हंगामात भर दुपारी काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. उपाय एकच: कव्हर काढून टॅब घराच्या आतल्या थंड खोलीत फरशीवर तासभर ठेवावा आणि चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे. कूलरची हवा चालेल, पण पाण्याचे तुषार उडतील इतक्या जवळ नको. फ्रिजमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्याबरोबर आतल्या बाजूला दव धरते आणि उन्हाने न केलेले नुकसान ओल करते.

टॅब थंड आहे, चार्जर चांगला आहे, तासभर झाला, तरी काही नाही. मग सक्तीचा रीस्टार्ट. अनेक अँड्रॉइड टॅबवर चालू-बंदचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र, चार्जर लावलेला असताना, 10 ते 20 सेकंद धरून ठेवायचे. काही टॅबवर चालू-बंदचे एकच बटण अर्धे मिनिट दाबावे लागते. आयपॅडवर, होम बटण असल्यास ते आणि वरचे बटण एकत्र धरतात. नसल्यास आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, मग कमी करण्याचे दाबून सोडायचे आणि शेवटी वरचे बटण कंपनीचे चिन्ह येईपर्यंत धरायचे. या कशानेही आतली माहिती पुसली जात नाही, म्हणून हे निर्धास्त करावे. त्याआधी टॅबचे जाड रबरी कव्हर मात्र काढावे. कव्हराने बटण सतत दाबलेले राहिल्यामुळे बंद-चालू होत राहणारे टॅब दुरुस्तीच्या दुकानात नेहमी येतात.

काळा पडदा म्हणजे प्रत्येक वेळी बंद टॅब नव्हे. चार्जर लावताना आवाज आला किंवा टॅब थरथरला, तर आतले सगळे चालू आहे आणि फक्त पडदा गेला आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहावे. पुसट चित्र दिसले तर मागचा उजेड तेवढा गेला आहे. चित्र दिसते पण बोटाला दाद देत नाही, अशा वेळी ओटीजी जोडणीने साधा यूएसबी माउस लावला की पडद्यावर बाण येतो आणि नोंदी बाहेर पाठवता येतात. शंभर-दीडशे रुपयांची ही जोडणी टॅब वापरणाऱ्या प्रत्येक कार्यालयात असायला हरकत नाही.

आता कंपनीच्या नावावर अडकलेल्या टॅबकडे वळू. नुकतेच अपडेट झाले असेल तर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. वीस मिनिटे वाट पाहणे योग्य, आणि त्या काळात बटण दाबणे अयोग्य. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, अनेक उपकरणांत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. नवी प्रत काही प्रयत्नांत उठली नाही तर उपकरण आपोआप जुन्या प्रतीवर परतते. अपडेट झाले नसेल तर संशय भरलेल्या साठवणुकीवर. फोटो, व्हिडिओ आणि अभ्यासाच्या चित्रफिती साठून जागा संपली, की सुरू होताना लागणाऱ्या तात्पुरत्या फायली लिहायला जागा उरत नाही आणि टॅब वाटेतच बसतो. स्वस्त उपकरणांत हे फार लवकर होते. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा कमी मेमरी आणि सतत गरम होणे या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. ॲप दर वर्षी वाढत जाते, उपकरण आहे तेवढेच राहते. हा दोष वापरणाऱ्याच्या हातचा नाही, खरेदी ठरवणाऱ्याच्या हातचा आहे.

अडकलेल्या टॅबमधून आधी सिम आणि मेमरी कार्ड काढून पाहावे. खराब कार्ड वाचण्याच्या खटपटीत टॅब अडकून बसतो. पडदा थोडा वेळ तरी येत असेल तर ‘सेफ मोड’ वापरावा, त्यात बाहेरून घेतलेली ॲप बंद राहतात. तिथे टॅब नीट चालला तर दोषी कोणते तरी नवे ॲप आहे. ते काढावे आणि जुने व्हिडिओ पुसून जागा करावी. त्यापुढची पायरी रिकव्हरीची. बंद टॅबवर चालू-बंद आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र धरले की इंग्रजी पर्यायांची यादी येते. सॅमसंगच्या अलीकडच्या टॅबना त्यासाठी केबलने संगणकाशी जोडलेले असावे लागते. आवाजाच्या बटणांनी यादीत वर-खाली जाता येते, चालू-बंदच्या बटणाने निवड होते. या यादीतल्या ‘रीबूट सिस्टम नाऊ’ आणि ‘वाइप कॅश पार्टिशन’ या ओळी सुरक्षित आहेत, दुसरी ओळ सगळ्या टॅबवर नसते. ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ ही ओळ मात्र वर सांगितलेले फॉरमॅट आहे. दोन्ही ओळी ‘वाइप’नेच सुरू होतात आणि जवळजवळ असतात, म्हणून बटण दाबण्यापूर्वी ओळ पूर्ण वाचावी.

फॅक्टरी रीसेटनंतर पुसलेले परत मिळेल अशी आशा ठेवू नये. अँड्रॉइड 10 पासून नव्या उपकरणांतली सगळी माहिती कुलूपबंद सांकेतिक रूपात साठते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते. चिप काढून दुसरीकडे वाचली तरी हाती निरर्थक अक्षरे येतात. वेगळ्या मेमरी कार्डावरचे फोटो तेवढे वाचतात, तेही ते कार्ड टॅबच्या अंतर्गत साठवणुकीत विलीन केलेले नसेल तर. सरकारी टॅबच्या बाबतीत दुसरी अडचण अधिक नित्याची. अँड्रॉइड 5.1 पासून, 2015 साली, अशी सोय आली की बाहेरून रीसेट केलेला टॅब आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोरांसाठी बसवलेले हे कुलूप प्रामाणिक माणसालाच अडवते, कारण ते खाते पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने किंवा डेटा ऑपरेटरने उघडलेले असते आणि त्याचा नंबर आता कोणाकडे नसतो. खात्याचे नाव आणि पासवर्ड टॅब वाटतानाच कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा.

टॅब सुरू झाला तरी एक गोष्ट पाहायची राहते: तारीख. बॅटरी पार उतरली की घड्याळ मागे पडते आणि नेटवर्क नसलेल्या गावात ते आपोआप दुरुस्त होत नाही. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही आणि ॲप उघडूनही आत शिरू देत नाही, मग लोक ॲपच बिघडले समजून काढून टाकतात. त्याबरोबर न पाठवलेल्या नोंदीही जातात. तारीख-वेळ हाताने लावायला अर्धे मिनिट लागते.

पावसाळ्यातली कहाणी वेगळी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, टॅब मात्र त्याच पावसात भिजतो. भिजलेला टॅब ‘चालतो का’ म्हणून सुरू करून पाहणे आणि चार्जरला लावणे, या दोन्हींनी आतल्या ओल्या सर्किट-पट्टीवर वीज वाहते आणि तांबे काही तासांत गंजू लागते. टॅब बंद करावा, कार्डे काढावीत, बाहेरून पुसावा आणि चार्जिंगची खाच खाली करून पंख्याखाली दोन दिवस ठेवावा. धानाच्या या पट्ट्यात तांदळाच्या डब्यात टॅब पुरण्याचा सल्ला हमखास मिळतो. मोकळ्या हवेपेक्षा तांदूळ ओल जास्त शोषत नाही, त्याची भुकटी आणि कण मात्र खाचेत जातात. पुराच्या गढूळ पाण्यात बुडालेला टॅब वाळवून भागत नाही. तो उघडून आतली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी लागते, आणि ते काम कारागिराचे.

दुकानात देताना नोंदी किंवा फोटो हवे असतील तर ‘सॉफ्टवेअर मारू नका, आधी विचारा’ असे पावतीवरच लिहून घ्यावे. शक्यतो आधी बॅटरी बदलून पाहायला सांगावे, कारण दोन-तीन उन्हाळे काढलेल्या टॅबमध्ये तीच जाण्याची शक्यता जास्त. कार्यालयाने दिलेला टॅब परस्पर उघडू नये, वॉरंटी जाते.

टॅबची पाठ फुगली असेल, पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा फळांसारखा गोडसर वास येत असेल, तर वरचे सगळे उपाय बाद. बॅटरीत वायू झाला आहे. अशा टॅबला चार्जर लावू नये, तो दाबू नये, उन्हात किंवा बॅगेत कोंबून ठेवू नये. जळाऊ वस्तूंपासून दूर, फरशीवर किंवा पत्र्याच्या उघड्या डब्यात ठेवून तो कारागिराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे पोचवावा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था उभी करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. त्यामुळे ती बॅटरी घरच्या कचऱ्यात किंवा शेताच्या बांधावर टाकण्याची गरज उरत नाही.