आकडा ब्राउझरचा, वाचकाचा नव्हे

गूगल ॲनालिटिक्समध्ये ‘युजर्स’पुढे हजाराचा आकडा दिसला, की हजार माणसं येऊन गेली असं आपण धरून चालतो. इथेच पहिली गफलत होते. साइटवर येणाऱ्या प्रत्येक ब्राउझरमध्ये हे साधन कुकी ठेवतं. कुकीत एक ओळखक्रमांक असतो आणि मोजला जातो तो हा क्रमांक. एकच वाचक सकाळी मोबाइलवर आणि दुपारी ऑफिसच्या संगणकावर आला, तर तो दोनदा धरला जातो. घरातल्या एकाच संगणकावर आई आणि मुलगा वाचत असतील, तर दोघं मिळून एक. सफारीत अशी कुकी सात दिवसांत बाद होते; त्याहून मोठा खंड पडला, की जुना वाचक नवा म्हणून नोंदला जातो. जाहिराती अडवणारी अनेक एक्स्टेंशन्स तर ही मोजणीच होऊ देत नाहीत. म्हणून सुटा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन महिन्यांतला फरक पाहावा.

‘बाउन्स रेट’ने, म्हणजे पुढे काहीच न करता परतलेल्या भेटींच्या टक्केवारीने, तर लिहिणाऱ्यांना विनाकारण फार छळलं आहे. जुन्या आवृत्तीत वाचकाने एकच पान उघडलं, दहा मिनिटं मन लावून वाचलं आणि तो निघून गेला, तरी ती भेट बाउन्स ठरायची आणि तिचा कालावधी शून्य लागायचा. १ जुलै २०२३ला ती मोजणी थांबली. आताच्या गूगल ॲनालिटिक्स ४मध्ये (जीए४) भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, दुसरं पान उघडलं गेलं किंवा खरेदीसारखी ठरवून दिलेली कृती झाली, तर ती बाउन्स नसते. त्यामुळे जुन्या आणि नव्या टक्केवारीची तुलना करू नये.

‘डायरेक्ट’ म्हणजे पत्ता टाइप करून आलेले, हेही अर्धंच खरं. कुठून आला याचा माग नसलेली प्रत्येक भेट त्याच खात्यात जमा होते. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंकवरून आलेले पुष्कळ जण तिथेच दडलेले असतात. रत्नागिरीच्या बागायतदाराने हापूसच्या पेट्यांची लिंक गटांत पाठवताना तिला प्रत्येक गटासाठी वेगळी यूटीएमची खूण (भेट कुठून आली ते सांगणारा लिंकच्या शेवटचा मजकूर) जोडली, तरच कोणत्या गटातून गिऱ्हाईक आलं ते त्याला कळेल.

शहराचं नाव आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. साताऱ्याचा मोबाइलधारक मुंबईकर म्हणून दिसू शकतो.

आणि ही माहिती कायम राहते असंही समजू नये. मोफत जीए४मध्ये वापरकर्त्यांच्या पातळीवरचा तपशील मुळात दोनच महिने राहतो. सेटिंगमध्ये ती मुदत चौदा महिने करता येते. हे काम खातं उघडल्याच दिवशी करावं.